कुजक्या ओंडक्यावरचं पाणकणीस: स्टेमोनायटिस ओळखायची कशी?

ओंडक्यावर उगवणाऱ्या स्टेमोनायटिस या जिवाचा नमुना ठेवलेल्या माझ्या एका काडेपेटीवर दोन वर्षं चुकीचं नाव होतं. त्याची गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचा सगळा लेख त्या चुकीतूनच आला आहे.

परसातल्या आंब्याची वादळात मोडलेली फांदी तोडून कुंपणाशी टाकली होती. तिसऱ्या पावसाळ्यात, जुलैच्या एका सकाळी, त्या ओंडक्यावर साबुदाणा सांडल्यासारखे पांढरे दाणे दिसले. दुपारपर्यंत त्या दाण्यांचे बारीक खांब झाले आणि रंग फिकट गुलाबीवर गेला. दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन बाहेर आलो, तर तिथे गडद तपकिरी केसांचा झुपका उभा. प्रत्येक केस जेमतेम दीड सेंटिमीटर, खाली चकचकीत काळा देठ, वर मऊ लांबट कणीस. तळ्याकाठचं पाणकणीस कुणीतरी बाहुलीच्या घरासाठी करून ठेवावं तसं. बोट लावलं तर बोटाला तपकिरी पूड लागली.

मी नेटवर चित्रं बघितली, रंग जुळवला, ‘स्टेमोनायटिस फुस्का’ असं चिठ्ठीवर लिहिलं आणि काडेपेटी बंद केली. फुस्का म्हणजे लॅटिनमध्ये गडद तपकिरी. जातीचं नावच रंगावरून पडलेलं, मग शंका कशाला घ्यायची? दोन वर्षांनी एका कॉलेजात चांगला मायक्रोस्कोप हाताळायला मिळाला, तेव्हा त्याच काडेपेटीतला एक केस काचेवर ठेवला. पुडीतले कण, म्हणजे बीजाणू, निघाले लहान आणि जवळजवळ गुळगुळीत. फुस्काचे बीजाणू मोठे असतात आणि त्यांच्यावर काटेरी जाळी असते. माझ्याकडे होती ती स्टेमोनायटिस अ‍ॅक्सिफेरा.

रंग फसवतो. तरी रंगावाचून सुरुवातही होत नाही. तेव्हा रंग कुठपर्यंत वापरायचा आणि कुठे सोडून द्यायचा, हे या लेखात क्रमाने बघू.

आधी हे कळू द्या: ही बुरशी नाही

स्टेमोनायटिस ज्या गटातली आहे त्याला मराठीत श्लेष्मबुरशी म्हणतात, इंग्रजीतून आलेलं नाव स्लाइम मोल्ड. दोन्ही नावांत बुरशी आहे, पण ही मंडळी बुरशीच्या कुळातली नाहीत. अमीबाच्या गोतावळ्यातली आहेत. बुरशी आपल्या धाग्यांनी लाकूड कुजवते आणि त्यातूनच अन्न शोषते. स्लाइम मोल्ड लाकूड खात नाही. कुजक्या लाकडात जे जिवाणू, यीस्ट आणि बुरशीचे कण असतात ते हा खातो, तेही अमीबासारखे गिळून.

आयुष्याचा बराच काळ तो ओंडक्याच्या आत, फटींमध्ये असतो. आधी सुट्या सूक्ष्म पेशी, मग त्यांतून वाढलेला प्लाझ्मोडियम. प्लाझ्मोडियम म्हणजे भिंती नसलेलं एक मोठं वाहतं घर: असंख्य केंद्रकं, पण पेशी एकच. तो सरकतो, वाट शोधतो. फायसारम पॉलिसेफॅलम या पिवळ्या जातीने २००० साली जपानी शास्त्रज्ञांच्या प्रयोगात भूलभुलैयातला सगळ्यात जवळचा रस्ता काढून दाखवला होता, आणि २०१० मध्ये टोकियोच्या रेल्वेजाळ्याशी मिळतंजुळतं जाळं विणलं होतं. ते कौतुक खरं आहे, पण ओळख पटवण्याच्या कामी प्लाझ्मोडियम फारसा येत नाही. एकाच पिवळ्या लगद्यातून डझनभर वेगवेगळ्या जाती निघू शकतात.

जातीचं नाव ठरतं ते फळावरून. ओल, अन्न आणि हवा यांचा मेळ बदलला की हा जीव ओंडक्याच्या पृष्ठभागावर येतो आणि काही तासांत सगळ्याचं सगळं शरीर बीजाणूंच्या कोशांत बदलून टाकतो. आपल्याला दिसतात ते हे कोश. जगात साधारण हजारभर जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यांची वर्गवारी मुख्यतः या कोशांच्या रचनेवर उभी आहे.

कधी आणि कुठे बघायचं

आपल्याकडे जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. झोडपणाऱ्या पावसात मात्र काही मिळत नाही. कोश धुऊन जातात. तीन-चार दिवस पाऊस लागून गेल्यावर जी उघडीप मिळते, तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाहेर पडा.

ओंडका कसा हवा? अंगठ्याचं नख दाबलं तर रुतेल असा. ताजं तोडलेलं लाकूड उपयोगाचं नाही आणि पार माती झालेलंही नाही. मधली अवस्था, जिथे साल निम्मी सुटली आहे आणि आतलं लाकूड स्पंजासारखं पाणी धरतं, ती सगळ्यात चांगली. आंबा, उंबर, गुलमोहर, शेवरी अशी मऊ किंवा लवकर कुजणारी झाडं बघा. सागाच्या जुन्या ओंडक्यावर मला फार कमी मिळालं आहे. वरच्या बाजूपेक्षा कुशीची आणि जमिनीला न टेकलेली खालची बाजू जास्त देते, कारण तिथे पावसाचा थेंब थेट पडत नाही.

यासाठी आंबोलीला किंवा महाबळेश्वरलाच जायला हवं असं अजिबात नाही. रस्त्याकडेला तोडून टाकलेल्या गुलमोहराच्या बुंध्यावर, सोसायटीच्या मागच्या पालापाचोळ्यात, शेताच्या बांधावर हे सगळं असतं. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात गेलात तर फोटोच काढा. तिथून काहीही उचलून आणायला वनखात्याची परवानगी लागते, मग ते टाचणीएवढं का असेना.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळजी किंवा सोनार डोळ्याला लावतात ते चालतं. एक धारदार छोटा चाकू, रिकाम्या काडेपेट्या, फेव्हिकॉल, पेन्सिल (शाई ओल्याने फुटते), कागदाचे तुकडे आणि टॉर्च. टॉर्च विसरू नका. ओंडक्याच्या पोटाखाली भर दुपारी अंधार असतो, आणि तिरक्या उजेडात हे कोश लांबूनच उठून दिसतात.

तो स्लाइम मोल्डच आहे का?

ओंडक्यावर उगवणारं बरंच काही असतं. झायलेरियासारखी बुरशीही काळ्या उभ्या काड्यांसारखी येते, पण ती चिवट असते, दाबली तरी दबत नाही आणि तोडली की आत पांढरा, घट्ट गाभा दिसतो. नारिंगी जेली बुरशी रबरासारखी ताणते. गोगलगायीची अंडी लायकोगाला या गोळ्यांसारख्या दिसणाऱ्या स्लाइम मोल्डच्या पिल्लांसारखी वाटतात, पण ती पारदर्शक आणि ओली असतात. हिरवी पूड दिसली तर ती जवळजवळ नेहमी साधी बुरशी.

पिकलेल्या स्लाइम मोल्डची तीन लक्षणं धरून चाला: कोरडा, ठिसूळ आणि स्पर्श करताच पूड सोडणारा. शिवाय लाकडाच्या आत त्याची मुळं किंवा धागे गेलेले नसतात. चाकूच्या टोकाने अलगद उचकटलं तर तळाशी एक पातळ, चकचकीत पापुद्रा लाकडाला चिकटलेला दिसेल. सरपटत गेलेल्या गोगलगायीची लाळ वाळावी तसा. हा पापुद्रा दिसला की निम्मी खात्री.

एक अपवाद सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पहिल्याच फेरीत तो भेटतो. ओल्या लाकडावर पांढऱ्या, काचेसारख्या बारीक काड्यांची दाट लव दिसली तर ती सेराटिओमिक्सा फ्रुटिक्युलोजा. हिचे बीजाणू कोशाच्या आत नसतात, काड्यांच्या बाहेरच्या बाजूला येतात. त्यामुळे पूड उडत नाही आणि वरची लक्षणं लागू होत नाहीत. अतिशय सामान्य आहे, एकदा बघितली की पुन्हा चुकत नाही.

थांबा, पिकू द्या

नवख्याकडून सगळ्यात जास्त चूक इथे होते. पांढरा किंवा गुलाबी, ओलसर, मऊ असा कोश दिसला की हात शिवशिवतो. तो तोडून घरी आणून वाळवला तर बीजाणू अर्धवट राहतात, एकमेकांना चिकटतात, वेड्यावाकड्या मापाचे होतात. मायक्रोस्कोपखाली अशा नमुन्याचं काहीही करता येत नाही.

ओंडका घराजवळ असेल तर त्याला तिथेच राहू द्या, वरून एखादं पत्र्याचं झाकण तिरकं ठेवा आणि दर चार-सहा तासांनी फोटो काढा. लांबचा असेल तर खालच्या लाकडासकट जाड तुकडा कापा, डब्यात ओलसर टिश्यू पेपर घालून त्यावर ठेवा, झाकण किंचित उघडं, आणि प्रवासात हलवाहलव नको. स्टेमोनायटिस बहुतेकदा एका दिवसात पिकते. पिकण्याच्या वाटेवरचे रंग मात्र लिहून ठेवा, विशेषतः अगदी सुरुवातीचा पांढरा की पिवळा. ही एकच गोष्ट अशी आहे की जी नंतर कोणत्याही मायक्रोस्कोपमध्ये सापडत नाही. ती का लागते ते पुढे येईल.

भिंगाने गट ठरवा

आता नमुना पिकला आहे. पांढऱ्या कागदावर एक कोश टिचकी मारून झाडा आणि पूड बघा.

पूड पिवळी, नारिंगी, लाल, गुलाबी, राखाडी अशी असेल तर तुम्ही फिक्या बीजाणूंच्या गटात आहात. लाकडावर इथे खूप काही मिळतं. वाटाण्याएवढे गुलाबी-नारिंगी गोळे, जे दाबले की टूथपेस्टसारखा गुलाबी लगदा येतो, ते लायकोगाला. पिकल्यावर ते करडे-तपकिरी होतात आणि मग कुणी त्यांच्याकडे बघत नाही. लायकोगाला म्हणजे ग्रीकमध्ये लांडग्याचं दूध. वर्षानुवर्षं या गोळ्यांना सरसकट ‘लायकोगाला एपिडेंड्रम’ म्हटलं गेलं, पण अलीकडे डीएनए तपासल्यावर त्या एका नावाखाली पुष्कळ जाती दडलेल्या निघाल्या. म्हणून आता फोटोवरून एपिडेंड्रम म्हणणं टाळलेलं बरं. विटकरी लाल, म्हातारीच्या कापसासारखा फुललेला झुपका असेल तर अर्सिरिया डेन्युडाटा. राखाडी आणि त्याहून लहान असेल तर अर्सिरिया सिनेरिया. सोनेरी जाळी लाकडावर जिलबीसारखी पसरली असेल तर हेमिट्रायकिया सर्प्युला. हिला ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही.

पूड गडद तपकिरी, जांभळट किंवा काळी असेल तर गडद बीजाणूंचा गट. इथे पुढचा प्रश्न चुन्याचा. काही वंशांच्या आवरणात, देठात किंवा आतल्या धाग्यांत चुनखडीचे कण असतात. भिंगातून पांढरे किंवा पिवळे खडबडीत दाणे दिसले तर काचेवर थोडासा तुकडा ठेवून स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचा थेंब टाका. चुना असेल तर बारीक बुडबुडे येतात किंवा दाणे हळूहळू विरघळतात. फायसारम, फ्युलिगो, डिडिमियम ही सगळी चुनेवाली मंडळी. फ्युलिगो सेप्टिका म्हणजे ओंडक्यावर किंवा पालापाचोळ्यावर कुणीतरी पिवळं पिठलं सांडल्यासारखा तो थर. १९७३ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या डल्लास परिसरात लोकांच्या अंगणात तो उगवला आणि परग्रहावरून काहीतरी आलं म्हणून घबराट पसरली होती. आपल्याकडे अशा वेळी लोक बहुधा त्यावर राख टाकून मोकळे होतात.

स्टेमोनायटिसमध्ये चुना अजिबात नसतो.

इथे एक खोच आहे. अ‍ॅक्सिफेराची पूड कधी कधी इतकी गंजकट असते की तिला फिकी म्हणावं की गडद, हेच कळत नाही. मी अशा वेळी रंगाचा नाद सोडतो आणि मधला दांडा शोधतो. एक कोश टाचणीने उभा चिरा. देठ कोशात शिरून वर शेंड्यापर्यंत काळ्या ताठ तारेसारखा गेला असेल, तर तुम्ही स्टेमोनायटिसच्या घरात आहात. अर्सिरियाच्या पोटात असा दांडा नसतो, तिथे नुसती लवचीक धाग्यांची गुंतवळ असते.

फुंकर मारा

स्टेमोनायटिसच्या घरात भावंडं आहेत. कोमाट्रिका आणि स्टेमोनायटॉप्सिस ही दोन वारंवार भेटतात. यांना वेगळं करायला एक साधी युक्ती आहे: कोशातले बीजाणू घालवायचे आणि उरलेला सांगाडा बघायचा.

दोन-तीन कोश देठासकट चिमट्याने उचला, बाहेर न्या आणि हलकी फुंकर मारा. पूड उडते आणि मागे राहतं ते अतिशय नाजूक जाळं. मधल्या दांड्यातून फांद्या फुटलेल्या आणि त्या बाहेरच्या कडेला एकमेकींना जोडल्या गेलेल्या. उजेडावर धरून चांगल्या भिंगातून बघा. फांद्यांची टोकं बाहेर जोडली जाऊन कोशाभोवती सलग जाळी तयार झाली असेल, मासे पकडायच्या खोईनासारखी, तर ती स्टेमोनायटिस. फांद्या बाहेर येऊन मोकळ्याच संपत असतील, केस विस्कटल्यासारख्या, आणि बाहेरची जाळी नसेल तर कोमाट्रिका. जाळी अर्धीमुर्धी, तुटक, कुठे आहे कुठे नाही अशी असेल तर स्टेमोनायटॉप्सिस. त्यातली टायफिना ही जात लहान असते, कोश दोन-चार मिलिमीटरचे, आणि कोवळेपणी अंगावर चंदेरी पापुद्रा असतो. तो देठावर बराच काळ टिकतो. तिच्या नावातला टायफा म्हणजे आपलं पाणकणीसच.

दहापट भिंगाने ही जाळी दिसते का? चांगल्या उजेडात, कोश मोठा असेल तर दिसते. नाही दिसली तर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर क्लिपने लावायची मॅक्रो लेन्स बसवा आणि मागून प्रकाश ठेवून फोटो काढा. तरीही नाही दिसली, तर नाव लिहिताना ‘स्टेमोनायटिस किंवा जवळची’ एवढंच लिहा. मायक्रोस्कोपशिवाय इथपर्यंत पोचणं हेही पुष्कळ आहे. आणि खरं सांगायचं तर फोटोवरून याच्या पुढे कुणी छातीठोक नाव सांगत असेल, तर मी दोनदा विचार करतो.

मायक्रोस्कोपखाली

हा टप्पा जातीचा. मायक्रोस्कोप स्वतःचाच हवा असं नाही. जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारा; नीट वाळवलेला, नीट चिठ्ठी लावलेला नमुना घेऊन गेलात तर बहुतेक जण आनंदाने बघू देतात.

काच तयार करताना थेट पाणी घालू नका. हे बीजाणू आणि जाळी पाण्याला जुमानत नाहीत. सगळीकडे हवेचे काळे फुगे अडकतात आणि त्याआड काही दिसत नाही. आधी एक थेंब स्पिरिट. ते पसरून उडायला लागलं की लगेच पाण्याचा थेंब, किंवा मिळालं तर तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा. मग वरची पातळ काच. कोश पूर्ण भरलेला घेऊ नका, नाहीतर नुसते बीजाणूच दिसतील. एका काचेवर अर्धा कोश फुंकर मारून रिकामा केलेला (जाळीसाठी) आणि दुसऱ्या काचेवर टाचणीच्या टोकावर येईल एवढी पूड (बीजाणूंसाठी), असे दोन नमुने करा.

मोजमाप हा इथला कणा आहे. आयपीसमध्ये, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगात, मोजपट्टी बसवून घ्या आणि ती एकदा प्रमाणित करून ठेवा. त्यासाठी एक खास काच मिळते, जिच्यावर एक मिलिमीटरचे शंभर भाग आखलेले असतात, म्हणजे प्रत्येक भाग १० मायक्रॉन. समजा चाळीसपट ऑब्जेक्टिव्हखाली (नमुन्याकडच्या भिंगाखाली) आयपीसचे १०० भाग खालच्या काचेच्या २५ भागांवर बरोबर बसले. २५ भाग म्हणजे २५० मायक्रॉन, म्हणून आयपीसचा एक भाग अडीच मायक्रॉन. आता ६ मायक्रॉनचा बीजाणू दिसेल सव्वादोन-अडीच भागांचा आणि ८ मायक्रॉनचा दिसेल सव्वातीन भागांचा. एवढ्याशा फरकावर जात ठरवायची म्हणजे डोळ्यांवर फार भार. म्हणून शंभरचा ऑइलचा ऑब्जेक्टिव्ह वापरा, निदान २० बीजाणू मोजा आणि सगळ्यात लहान, सगळ्यात मोठा आणि सरासरी असं तिन्ही लिहा. एखादा अवाढव्य बीजाणू दिसला तर तो बाजूला ठेवा. कोवळा नमुना वाळल्याची ती खूण असते.

आता आपल्या आंब्याच्या ओंडक्याकडे येऊ. लाकडावर सापडणाऱ्या, उंच कोशांच्या स्टेमोनायटिसमध्ये चार नावांचा विचार आधी करावा.

फुस्का. १७८७ साली रोथ यांनी वर्णन केलेली, सगळ्यात प्रसिद्ध. कोश साधारण ६ ते २० मिलिमीटर, गडद तपकिरी ते काळपट. बाहेरची जाळी बारीक डोळ्यांची. बीजाणू साधारण ७.५ ते ९ मायक्रॉन आणि त्यांच्यावर बारीक काटे जाळीच्या नक्षीत मांडलेले. ही नक्षी हीच तिची खरी ओळख. फोकसची चाकी अगदी थोडी मागे-पुढे फिरवा: बीजाणूच्या वरच्या पृष्ठभागावर जाळी दिसेल आणि मधल्या पातळीवर आलात की कडेला काटे.

अ‍ॅक्सिफेरा. उंची फुस्काएवढीच, जाळीही बारीकच, रंग बहुधा गंजासारखा लालसर तपकिरी; पण माझा नमुना चांगलाच गडद होता हे विसरू नका. बीजाणू ५ ते ७ मायक्रॉन आणि जवळजवळ गुळगुळीत. ऑइलखालीही नक्षी शोधायला कष्ट पडत असतील तर उत्तर बहुतेक हेच. बीजाणू ५ मायक्रॉनच्याही खाली जाऊ लागले आणि कोश एकूणच लहान असले तर स्मिथी नावाची जात तपासा. ती वेगळी जात धरायची की अ‍ॅक्सिफेराचाच प्रकार, यावर तज्ज्ञांची मतं जुळत नाहीत.

स्प्लेंडेन्स. इथे बीजाणूंपेक्षा जाळी बोलते. डोळे मोठे, अनियमित, फुस्काच्या जाळीच्या कितीतरी पट. काही डोळे ५० ते १०० मायक्रॉनपर्यंत जातात. कमी मोठेपणावरसुद्धा फरक चटकन कळतो: फुस्काची जाळी मच्छरदाणी, स्प्लेंडेन्सची कुंपणाची जाळी. रंग जांभळट तपकिरी, कोश बरेचदा लांब आणि माना टाकलेले. बीजाणू ७ ते ९ मायक्रॉन, बारीक पुरळ असलेले.

फ्लेव्होजेनिटा. नावाचा अर्थच पिवळ्यातून जन्मलेली. हिचा प्लाझ्मोडियम पिवळा असतो, तर फुस्काचा पांढरा. पिकल्यावर हा पुरावा नाहीसा होतो, म्हणून मघाशी सुरुवातीचा रंग लिहून ठेवायला सांगितलं. मायक्रोस्कोपखाली मधल्या दांड्याचं शेंड्याकडचं टोक पापुद्र्यासारखं पसरलेलं दिसतं, हीही तिची खूण.

या चारांत न बसणारा नमुना निघाला तर ओढून-ताणून बसवू नका. वंशाच्या नावापुढे ‘जात अनिश्चित’ लिहा आणि मोजमापं सोबत ठेवा. मोजमापं असतील तर पाच वर्षांनीही कुणी नाव देऊ शकतं. मोजमापाशिवाय लावलेलं नाव तपासताच येत नाही.

वाळवणं, ठेवणं, चिठ्ठी

पावसाळ्यात नमुना वाळवणं म्हणजे पापड वाळवण्याइतकंच चिकाटीचं काम. उन्हाचा भरवसा नाही आणि ओलं लाकूड डब्यात बंद केलं की दोन दिवसांत खरी बुरशी चढते. लाकडाचा तुकडा शक्य तेवढा पातळ कापा, एक-दोन दिवस टेबल लॅम्पखाली हात लावला तर कोमट वाटेल इतक्या अंतरावर ठेवा, मग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात. पंख्याखाली ठेवू नका. सकाळी टेबल तपकिरी आणि नमुना टकला.

वाळला की काडेपेटीच्या आतल्या खणात फेव्हिकॉलने चिकटवा. खण बाहेर ओढला की नमुना समोर, आत ढकलला की सुरक्षित. जगभरचे अभ्यासक नमुने अशा छोट्या खोक्यांतच ठेवत आले आहेत आणि मला अजून याहून सोयीचं काही सापडलेलं नाही. त्यानंतर सगळी पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये. बीजाणू खाणारे इवलेसे भुंगे आणि माइट्स ओंडक्यातूनच सोबत आलेले असतात. माझी एक हेमिट्रायकिया सर्प्युला त्यांनी महिन्याभरात फस्त केली, उरला तो भुसा. (घरच्यांना आधी सांगून ठेवा. फ्रीझरमधल्या काडेपेटीवरून आमच्याकडे बरंच बोलणं झालं आहे.)

चिठ्ठीवर तारीख, गाव आणि नेमकी जागा, झाडाचं नाव, लाकूड किती कुजलेलं, साल होती की नव्हती, सुरुवातीचा रंग, पिकायला लागलेला वेळ. जातीचं नाव सगळ्यात शेवटी आणि पेन्सिलने. त्याच्यासमोर नाव कशावरून दिलं तेही लिहा: ‘फोटो’, ‘भिंग’ की ‘बीजाणू मोजले’. हा एक शब्द माझ्या जुन्या चिठ्ठीवर असता तर मला दोन वर्षं आधीच संशय आला असता.

फोटो काढत असाल तर एकाच सुंदर फोटोवर थांबू नका. ओंडक्यासकट लांबून एक, मोजपट्टी शेजारी ठेवून एक, देठ आणि तळाचा पापुद्रा दिसेल असा खालून एक, फुंकर मारल्यानंतरच्या जाळीचा एक. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकायचं असेल तर हे चारही टाका. नुसत्या वरून काढलेल्या तपकिरी झुपक्याला जाणकारही वंशाच्या पुढे नेऊ शकत नाहीत.

पावसाळा संपल्यावर

ऑक्टोबरनंतर ओंडका कोरडा पडतो, पण रिकामा होत नाही. बीजाणू आणि सुप्त अवस्थेतले तुकडे आत असतातच. त्यांना जागं करायची एक जुनी रीत आहे. १९३३ साली गिल्बर्ट आणि मार्टिन या अमेरिकी अभ्यासकांनी जिवंत झाडांच्या सालीवर ती वापरली आणि तेव्हापासून ती प्रयोगशाळांत रुळली. काचेच्या झाकणदार बशीत गाळणकागद किंवा टिश्यू पेपर घाला, त्यावर साल किंवा लाकडाचे तुकडे एकमेकांना न चिकटता मांडा, ते बुडतील एवढं डिस्टिल्ड पाणी घाला आणि एक दिवस तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी सुटं पाणी ओतून टाका, झाकण लावा आणि बशी घरात उजेडाच्या पण ऊन न येणाऱ्या जागी ठेवा. दिवसाआड भिंगाने तपासायचं, कागद कोरडा वाटला तर चार थेंब पाणी. दीड-दोन महिने चालू ठेवा. काही जाती पहिल्या आठवड्यातच येतात, काही अगदी शेवटी.

स्टेमोनायटिस या बशीत क्वचित उगवते. तिला मोठा ओंडका लागतो. पण फेब्रुवारीत त्याच आंब्याच्या फांदीची साल मी भिजत ठेवली, तेव्हा अकराव्या दिवशी कडेला दोन मिलिमीटरचे राखाडी खांब उभे राहिले. टिचकी मारल्यावर कागदावर करडी पूड, पोटात दांडा नाही, धाग्यांची लवचीक गुंतवळ. चिठ्ठीवर पेन्सिलने लिहिलं: अर्सिरिया सिनेरिया, भिंग. बीजाणू मोजायचे बाकी आहेत.